पेज पाजलेली सायकल

मोरेश्वर टिपणीस पाच वर्षं हंगामी होते. ठाण्याच्या ज्या सरकारी कचेरीत ते कारकून होते, तिथे दर सहा महिन्यांनी एक कागद येई आणि टिपणिसांना आणखी सहा महिने ठेवून घ्यायला सरकारची हरकत नाही, असं त्यात लिहिलेलं असे. हरकत नाही, यापेक्षा प्रेमाचं असं सरकारने त्यांच्याबद्दल कधी काही लिहिलं नाही. डोंबिवलीत आवडाबाईच्या आवारातल्या दोन खोल्यांत त्यांनी बिऱ्हाड मात्र कायमच्या माणसासारखं थाटलं होतं. त्यांचा साडू पोस्टात लागला आणि वर्षाच्या आत कायम झाला. त्यामुळे सासऱ्यांना कोणी विचारलं, की धाकटे जावई पोस्टात, मग थोरले काय करतात, तर सासरे जरा थांबून म्हणत, "अजून आहेत." टिपणिसांची बायको शकू हे दोन शब्द माहेरी ऐकून येई आणि घरी आल्यावर चहाबरोबर नवऱ्यापुढे ठेवी.

बावन्न सालच्या नोव्हेंबरात या दोन शब्दांपासून सुटका व्हायची एक वाट दिसली. टिपणिसांच्या कचेरीकडे दारूबंदीच्या प्रचाराचं काम होतं. दर हिवाळ्यात साहेब जीपमधून गावोगाव जाऊन भाषणं करत. त्या वर्षी साहेबांना असं वाटू लागलं, की जीपमधून उतरून दारू सोडा म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. तेव्हा दौरा सायकलवरून करायचा ठरलं. कल्याणहून निघायचं, शहाड, आंबिवली करत टिटवाळ्याला पोचायचं, वाटेत लोक जमतील तिथे बोलायचं. बरोबर एक कारकून हवा होता, आणि सगळ्या कचेरीत स्वतःची सायकल एकट्या टिपणिसांकडे होती.

"दौरा नीट पार पडला, तर रिकाम्या जागेवर तुमचं नाव घालू," साहेब म्हणाले. "कायम. मात्र वाटेत माझा खोळंबा होता कामा नये."

खोळंबा या शब्दाचा अर्थ कचेरीत सगळ्यांना माहीत होता. मागे एकदा साहेब एका कारकुनाला घेऊन मुंब्र्यापर्यंत सायकलने फिरायला गेले होते. वाटेत त्या कारकुनाची सायकल पंक्चर झाली. साहेब मागे वळून न बघता निघून गेले आणि पुढे दोन महिने त्याच्या कुठल्याही कागदावर त्यांनी सही केली नाही. तेव्हा टिपणिसांच्या आयुष्याचं जे काही व्हायचं ते आता दोन टायर आणि दोन ट्यूब यांच्या हातात होतं.

टायरांची स्थिती फार आशादायक नव्हती. सायकल विलायती होती, टिपणिसांच्या काकांची. काका गेले, सायकल राहिली. पावसाळाभर ती पडवीत उभी होती आणि थंडी पडताच टायरांच्या कडांना बारीक भेगा दिसू लागल्या. शिवाय हिवाळ्यातला रस्ता. पावसाळ्यात बाभळीचे काटे चिखलात निजलेले असतात. भातं कापून झाली, की लोक खळ्याला आणि वालाच्या शेताला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण करतात. त्या फांद्या गाडीला बांधून रस्त्याने ओढत नेतात, आणि डोंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत रस्ता भर थंडीत काट्यांनी पेरलेला असतो. हे काटे एरवी सगळ्यांनाच टोचतात, पण हंगामी माणसाला जरा जास्त टोचतात, असा टिपणिसांचा अनुभव होता.

त्यांनी सरळ मार्गाने सुरुवात केली, म्हणजे अर्ज केला. सरकारी कामासाठी सायकल वापरायची असेल तर कचेरीच्या कोठीतून टायर मिळण्याची सोय होती. त्याचा एक छापील फॉर्म होता. हेडक्लार्कनी तो चष्मा वर करून वाचला आणि बोट ठेवलं.

"इथे ऋतू लिहायचा आहे, तो राहिला."

"हिवाळा लिहिलाय ना."

"फॉर्मात दोनच आहेत. पावसाळी आणि उन्हाळी. तिसरा नाही. दोन्हीपैकी एक खोडा."

"पण दौरा डिसेंबरात आहे."

"ते मला दिसतंय हो. मी स्वतः मफलर बांधून बसलोय. पण ठाणे जिल्ह्यात हिवाळी टायर लागतात असं वरून कधी आलेलं नाही. उन्हाळी लिहिलंत तर एप्रिलमध्ये मिळतील."

हिवाळा मंजूर करून घ्यायचा, तर कागद मुंबईला जाणार होता आणि हिवाळा संपल्यावर परत येणार होता. टिपणिसांनी अर्ज मागे घेतला. अर्ज मागे घेण्याचाही एक फॉर्म होता, तो भरला.

मग त्यांनी ज्याला विचारायला हवं होतं त्याला विचारलं. लिओ स्टेशनजवळ सायकली दुरुस्त करायचा. चाळीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं आणि त्याच्या हाताखालून गेलेली सायकल सहसा कुरकुरत नसे. त्याने टायर दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिले, ओल्या फडक्याने पुसले, आणि म्हणाला, "चालतील. भेगा वरच्या वर हायत. रोज संध्याकाळी चाक फिरवायचं नी रुतलेले काटे चिमट्यानं काढायचे. काटा एका दिवसात आत जात नाय, रोज थोडा थोडा जातो. हवा सकाळी बघायची, थंडीत उतरते. आणि बरोबर सोल्युशन नी रबर ठेवायचा. पंक्चर झाली तर काढायची."

"झाली तर? म्हणजे होणार नाही असं नाही?"

"सायकल हाय, टिपणीस. होते पंक्चर."

हा सल्ला टिपणिसांना अगदीच मिळमिळीत वाटला. ज्यावर माणसाची नोकरी अवलंबून आहे त्या गोष्टीला रोज चिमट्याने काटे काढणं हे उत्तर असेल, हे त्यांच्या मनाला पटेना. खरं सांगायचं, तर आपल्याला सोपा उपाय सांगणाऱ्याबद्दल मध्यमवर्गीय माणसाच्या मनात एक आकस असतो. अडचण एवढी मोठी आपली, आणि उपाय चिमटा.

काळुराम शेजारच्याच घरात राहायचा. लढाईच्या दिवसांत तो कल्याणच्या लष्करी छावणीत पहारेकरी होता, आणि छावणी उठली तरी त्याच्या बोलण्यातून ती उठली नव्हती. आवारात टायर पुसत बसलेले टिपणीस पाहिल्यावर तो कुंपणावर रेलला.

"भेगा पडल्यात. थंडीत माणसाची टाच फुटते, तशी रबराची पण फुटते. टाचेला काय लावता?"

"कोकमाचं तेल."

"मग?"

टिपणीस उठले. त्यांनी शकूच्या फडताळातून कोकमतेलाचा गोळा आणला, पळीत पातळ केला आणि दोन्ही टायरांना भरपूर चोळला. घराची मालकीण आवडाबाई अंगणात वाल निवडत बसली होती. तिच्या सासऱ्यांची मिठागरं होती, नंतर जमिनी झाल्या, आता भाडेकरू होते, आणि या सगळ्यांवर तिने सारखीच नजर ठेवली होती.

"काय रं टिपनीस," ती म्हणाली, "सायकल बालंतीन झाली का काय?"

टिपणीस हसले नाहीत. टायर दिसत होते मात्र सुरेख, काळेभोर आणि तुकतुकीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकलवर बसून आवारातून बाहेर पडले, उतारावर ब्रेक दाबला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की तेल टायरवर राहिलं नव्हतं, ते रिमवर उतरलं होतं. ब्रेकच्या रबरांनी रिमला नुसतं कुरवाळलं. सायकल आवडाबाईच्या पेंढ्याच्या उडवीत शिरली आणि तिच्यामागून टिपणीसही शिरले. त्यांना लागलं काहीच नाही. आवडाबाई त्यांना बाहेर ओढताना म्हणाली, की पेंढा बैलांसाठी हाय, आणि एवढंच म्हणाली. पण ते म्हणताना तिने त्यांच्या कपाळावरची काडी आपल्या हाताने काढली, तेवढ्याने टिपणिसांचा मान दिवसभरापुरता गेला.

लिओने रिम राखेने घासून दिली आणि तेल रबराला खातं, हे एकदाच सांगितलं. त्यानंतर टिपणीस लिओकडे जायचे बंद झाले. चुकलेल्या माणसाला बरोबर असणाऱ्या माणसाच्या दुकानावरून जाणं जड जातं. ते स्टेशनला दुसऱ्या बाजूने जाऊ लागले.

काळुरामला मात्र तेलाच्या प्रकाराचं काही वाटलं नव्हतं. "ते वरचं झालं," तो म्हणाला, "खरी गोष्ट आत असते. छावणीत गोरे सोल्जर काय करायचे, ठाऊक आहे? ट्यूबमध्ये दूध घालायचे. काटा घुसला, की आतून दूध येऊन भोकाशी थिजायचं. पंक्चर बंद. गाडी थांबायचीच नाही."

न थांबणारी गाडी टिपणिसांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि तिच्यापुढे साहेब, आणि साहेबांच्या हातात कायमपणाचा कागद. त्यांनी विचार केला. दूध घरात चहापुरतं येई, आणि थिजण्यावरच काम असेल तर दुधापेक्षा भाताची पेज बरी, कारण पेज ज्या भांड्याला लागते त्याला ती सोडत नाही, हे शकू रोज बोलून दाखवत असे. पेजेला आणखी चिकटपणा यावा म्हणून डिंक. आणि डिंक वाळून त्याची पूड होऊ नये म्हणून गुळाचं पाणी, जसं लाडवात घालतात. हा शेवटचा विचार पूर्ण त्यांचा स्वतःचा होता. काळुरामने त्यात भाग घेतला नव्हता, हे त्यांनी पुढे चौकशीतही प्रामाणिकपणे सांगितलं.

डिंक घरात होता. शकूने थंडीच्या लाडवांसाठी आणून तुपात तळायला काढून ठेवला होता. ती शेजारी हळदीकुंकवाला गेली तेव्हा टिपणिसांनी निम्मा डिंक काढून घेतला. पेज घरची वापरली तर ती विचारील, म्हणून ते आवडाबाईकडे गेले. तिच्याकडे पडवीत एक मडकं असे. रात्रीचा उरलेला भात त्यात पाण्यात पडे आणि सकाळी ती आंबट पेज शेतावर जायची. मडकं रोज रिकामं होई, पण धुतलं मात्र कधीच जात नसे.

"पेज कोनाला व्हवी?" आवडाबाईने विचारलं.

"सायकलला."

आवडाबाईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "आदी तेल, आता पेज," ती म्हणाली. "चवथ्या म्हयन्यात हाय वाटतं." पण पेज दिली, आणि चांगली घट्ट दिली. "या मरक्याची पेज वीस वरसां बिघरली नाय. यवरीशी घातली तं नव्या पेजंला पन चव येते."

टिपणिसांनी सगळं एकत्र करून पंच्यातून गाळलं, होळीची पितळी पिचकारी भरली, व्हॉल्व्ह काढला आणि दोन्ही ट्यूब पाजल्या. मग वरून पंपाने हवा भरली आणि व्हॉल्व्ह घट्ट बसवला. शकू परत आली तेव्हा अंगणात पिचकारी, पंचा आणि डिंकाची रिकामी पुरचुंडी पडली होती. तिने आत जाऊन उरलेल्या डिंकाचे लाडू वळले, ते सहाच झाले, आणि सहाही तिने वडिलांसाठी वेगळे काढून ठेवले. टिपणिसांना त्या रागाचा अर्थ नीट कळला. पण त्यांना वाटलं, एकदा कायम होऊ दे, मग तीच म्हणेल, की बरं केलंत.

आणि उपाय लागू पडला. नुसता लागू पडला नाही, तर अपेक्षेपेक्षा जास्त पडला. थंडीत हवा उतरते, असं लिओ म्हणाला होता. टिपणिसांच्या टायरमधली हवा उतरेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी टायर दाबून पाहिला तर तो भरला होता त्याहून घट्ट लागला. पाचव्या दिवशी दोन्ही टायर दगडासारखे झाले. पंपाला आठवडाभर हात लावावा लागला नव्हता. टिपणीस सायकल मुद्दाम उन्हात उभी करत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टायर दाबायला लावत.

"हवा भरावी लागत नाही?" काळुरामने विचारलं.

"उलट वाढते," टिपणीस म्हणाले. हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यात इतक्या सहजपणे उच्चारलं, की ते ऐकणाऱ्याला हवा ही वाढणारीच वस्तू आहे असं वाटावं. कचेरीत त्यांनी हेडक्लार्कना या देशी पद्धतीवर एक छोटा निबंधही लिहून दाखवला. हेडक्लार्कनी तो पोचपावती देऊन फायलीत लावला.

लिओपर्यंत ही बातमी गेली आणि लिओ आपण होऊन दुकान सोडून आला. त्याने टायर दाबला नाही. त्याने कान लावला.

"टिपणीस, हवा वाढत नाय बाबा. जगात कुठं वाढत नाय. व्हॉल्व्ह ढिला करा नी थोडी सोडा."

"चाळीस वर्षं तुम्ही हवा भरत आलात," टिपणीस म्हणाले, "आता एखादी सायकल स्वतःची स्वतः भरून घेते म्हटल्यावर तुम्हाला वाईट वाटणारच." हे बोलताना त्यांना मनातून फार बरं वाटलं. लिओ गेला, मात्र जाताना सायकलपासून जरा लांबून गेला.

दौऱ्याच्या दिवशी सकाळी कल्याणला धुकं होतं. साहेब पांढऱ्या खादीच्या कपड्यांत, नव्या सायकलवर, पुढे. टिपणीस कचेरीची पत्रकं कॅरिअरला बांधून, मागे. शहाड येईपर्यंत टिपणिसांनी रस्त्यातले काटे मोजायचं सोडून दिलं, कारण टायर काट्यांवरून जात होते आणि काही होत नव्हतं. एकदा तर त्यांनी मुद्दाम एका फांदीवरून सायकल नेली. शहाड मागे पडलं आणि साहेबांच्या पुढच्या चाकातून फुस्स आवाज आला.

साहेब उतरले. टिपणीसही उतरले. दोघांनी काही वेळ त्या बसलेल्या टायरकडे पाहिलं. साहेबांच्या चेहऱ्यावर त्यांनी आजवर न पाहिलेला एक भाव होता, आणि तो संकोच आहे हे ओळखायला टिपणिसांना वेळ लागला.

"तुमची एवढ्या काट्यांतून बरी राहिली?"

"माझी होत नाही, साहेब," टिपणीस नम्रपणे म्हणाले. "मी थंडीची तजवीज केलेली आहे."

"काय तजवीज?"

टिपणिसांनी पेजेचा उल्लेख टाळला. देशी पद्धत आहे, असं सांगितलं. साहेबांनी टायर दाबला, भुवया उंचावल्या, आणि टिपणिसांच्या पाठीवर हात ठेवला. पाच वर्षांत सरकारने टिपणिसांना पहिल्यांदाच हात लावला होता. त्याच क्षणी त्यांनी आपली सायकल साहेबांना दिली आणि स्वतः साहेबांची पंक्चर सायकल हाताने ढकलत त्यांच्यामागे पळू लागले. पळताना ते मनातल्या मनात सासऱ्यांना सांगत होते, की आता "अजून" हा शब्द गाळलात तरी चालेल.

पुढे नाक्यावर माणसं जमली होती. दारूबंदीच्या पोलिसांची एक चौकी तिथे होती आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या लोकांना हवालदाराने आधीच बोलावून ठेवलं होतं. हवालदार तानाजी महिन्याभरापूर्वीच साताऱ्याकडून बदलून आला होता. एक साहेब भाषणाला येणार एवढं त्याला माहीत होतं, पण साहेब म्हणजे जीप, अशी त्याची समजूत होती. सायकलवरून आलेल्या या गृहस्थांना त्याने पुढची व्यवस्था बघायला आलेलं कोणीतरी समजून बाजूला उभं केलं होतं. शेवटी साहेबांनी स्वतःच बोलायला सुरुवात केली.

अकरा वाजले होते. धुकं कधीच गेलं होतं आणि ऊन चांगलं तापलं होतं. साहेब सायकलच्या सीटवर एक हात ठेवून बोलत होते. टिपणीस धापा टाकत पोचले तेव्हा भाषणाचा विषय सायकलवरच आला होता. सायकल म्हणजे साधेपणा, ते म्हणाले. आत स्वच्छ हवा, बाहेर कष्ट. माणसाचंही तसंच असावं. आपण आपल्या आत काय भरतो यावर सगळं अवलंबून आहे.

इथे मागचा टायर फुटला.

आवाज बंदुकीसारखा झाला. आवडाबाईच्या वीस वर्षांच्या मडक्याची पेज, शकूचा डिंक आणि गूळ असं सगळं आठ दिवस बंद रबरात उन्हं खात बसलं होतं, ते एकदम बाहेर आलं आणि साहेबांच्या पांढऱ्या खादीवर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पसरलं. मग वास सुटला. तो इतका ओळखीचा होता, की सभेत मागे डुलक्या घेत बसलेला धाकू नावाचा म्हातारा जागा झाला. त्याने नाक वर केलं, उठून पुढे आला, साहेबांच्या बाहीचा जवळून वास घेतला, आणि शांतपणे म्हणाला, "पहिल्या धारंची नाय. पन लागलीय झकास."

टिपणिसांना हवा का वाढत होती ते त्या क्षणी कळलं. कळून उपयोग नव्हता. तानाजी हवालदाराने साहेबांचा हात धरला होता.

"सायकल तुमची?"

"मूर्खासारखं बोलू नका. मी इथे दारूबंदीवर बोलायला आलोय."

"ते मी ऐकलं. मागच्या आठवड्यात असाच एकजण ट्यूबमध्ये भरून नेताना सापडला. तो मामलेदार आहे म्हणाला होता. तुम्ही कोण आहात?"

साहेबांनी आपला हुद्दा सांगितला. हवालदाराने मामलेदारापेक्षा तो हुद्दा मोठा आहे हे कबूल केलं आणि पंचनाम्याचा कागद काढला. टिपणीस पुढे झाले, म्हणाले, सायकल माझी आहे, आत पेज आहे, गूळ आहे, थोडा डिंक आहे. हवालदाराने ते सगळं ऐकून घेतलं. "दारू त्याचीच होते," तो म्हणाला. "डिंक तेवढा नवा दिसतो." पण सायकल ज्याच्या हातात होती त्याचंच नाव कागदावर जाणार, हा नियम होता. पंच म्हणून धाकूला घेतलं, कारण वासाची खात्री देऊ शकणारा जाणता माणूस तोच होता. पुढच्या टायरमधला माल बाटलीत काढून लाखेने सील केला. तो अजून कच्चा असल्याचं धाकूने आपणहून नोंदवायला लावलं.

साहेब त्या दिवशी टिटवाळ्याला पोचले नाहीत. सबंध परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले, तेही कल्याण आल्यावर. "उद्या तुम्हाला काढतो."

टिपणीस घरी गेले आणि पडवीत बसले. शकूने सगळं ऐकलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती रागावली नाही, त्यांच्याशेजारी बसली, आणि बसल्या बसल्या तिला रडू आलं. ते पाहून टिपणिसांना पहिल्यांदा खरोखर लाज वाटली. पेंढ्यात शिरल्याची नाही, सभेतली नाही, तर सहा लाडवांची. हरकत नाही, एवढं तरी सरकार पाच वर्षं म्हणत होतं. आता तेही म्हणणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हेडक्लार्कना बोलावलं तेव्हा टिपणीस दाराबाहेरच उभे होते आणि दार उघडंच होतं.

"त्या टिपणिसाला आजच्या आज काढा."

"एका ओळीत काढता येईल, साहेब. हंगामी आहे. कारणसुद्धा लिहावं लागत नाही." हेडक्लार्कनी चष्मा वर केला. "फक्त पंचनामा आपल्या नावावर आहे."

"म्हणून तर म्हणतो. त्याने कबूल करावं, की माल त्याचा."

"तो करायला तयार आहे. पण ते खात्याच्या चौकशीत व्हायला हवं, म्हणजे वर पाठवता येईल. आज त्याला काढला, की तो आपला माणूस राहत नाही. मग त्याची चौकशी कोण करणार? आणि हंगामी ठेवला, तरी हंगामी माणसाच्या चौकशीची आपल्याकडे सोयच नाही. त्याला नुसतं काढतात. चौकशी फक्त कायम माणसाची होते."



"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे त्याची चौकशी करायची, तर आधी त्याला कायम करावं लागेल. आणि दौऱ्याच्या आधीच्या तारखेपासून करावं लागेल, कारण गुन्हा कायम असताना घडायला हवा."

कागद चार दिवसांनी आला. इंग्रजीत होता, चांगला जाड होता आणि त्यावर साहेबांची सही होती. टिपणीस तो घेऊन डोंबिवलीला आले. शकूला त्यांनी पहिली ओळ वाचून दाखवली, की मोरेश्वर टिपणीस यांना कायम करण्यात येत आहे. ती कागद घेऊन उठली आणि तिने तो देवापुढे ठेवला. दुसरी ओळ त्यांनी देवाच्या खोलीत उभं राहूनच सांगितली, की त्याच तारखेपासून त्यांना चौकशी होईपर्यंत सस्पेंड करण्यात येत आहे. शकूने हात जोडलेलेच ठेवले. मग ती म्हणाली, "आधी पहिली ओळ बाबांना कळवा."

संध्याकाळी टिपणीस पेढ्यांचा पुडा घेऊन आवारात निघाले. काळुरामला दिला, आवडाबाईला दिला, आणि मग स्टेशनला सरळ रस्त्याने जाऊन लिओच्या दुकानात शिरले. लिओने हात फडक्याला पुसून पेढा घेतला.

"कसले?"

"सस्पेंड झालो," टिपणीस म्हणाले.

लिओचा पेढा तोंडाशीच राहिला. "त्याचे पेढे वाटतात?"

"लिओ," टिपणीस त्याच्या स्टुलावर ऐसपैस बसत म्हणाले, "हंगामी माणसाला नुसतं काढून टाकतात. सस्पेंड व्हायला माणूस कायम असावा लागतो."